पाळी जाताना हातापायांना मुंग्या का येतात?



आज आम्ही एका नाजूक विषयावर बोलणार आहोत. बायका हा विषय चारचौघांत काढत नाहीत. पुरुष तर ऐकायलाही लाजतात. पण लाजून दुखणे जात नाही. म्हणून बंधूंनो, तुम्हीही उठून जाऊ नका. तुमच्याही घरी आई आहे, बायको आहे, बहीण आहे.

पाळी जायच्या सुमारास पुष्कळ बायकांच्या हातांना मुंग्या येतात. तळपायांची आग होते. कमरेतून पायात कळ जाते. हे कशाने होते? अशा वेळी काय करावे? आज एवढेच बोलू.

आपल्या उपनगरातल्या बायकांचे हात पाहा. वेसाव्याची कोळीण मासळीची पाटी उचलते, मासळी साफ करते. गोराईची बाई वाडीत भाजी खुडते. घाटकोपर-मुलुंडकडे कितीतरी जणी चार-चार घरची धुणीभांडी करतात. हाताला विसावा म्हणून नाही. पंचेचाळिशी आली, की यांतली एखादी म्हणते, "रात्री हात मेल्यागत होतो बाई. झटकला की मग जिवंत होतो." घरचे म्हणतात, "वय झालं. चालायचंच."

हे "चालायचंच" आम्हांला पटत नाही.

आधी पाळी जाणे म्हणजे काय ते समजून घेऊ. बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. त्याच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. या बीजकोशांत एक रस तयार होतो. त्याचे नाव इस्ट्रोजेन. अशा रसांना डॉक्टर हॉर्मोन म्हणतात. हा रस रक्तातून अंगभर फिरतो. वय वाढले, की बीजकोश हळूहळू काम थांबवतात. रस कधी जास्त होतो, कधी कमी. पाळी मागेपुढे होते. अंगातून वाफा निघतात, दरदरून घाम येतो, झोप उडते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे. आपल्या देशात बहुतेक बायकांची पाळी साधारण ४६-४७ वर्षांच्या सुमारास जाते. हा काही आजार नव्हे. ही शरीराची रीतच आहे.

आता मुंग्यांचे पाहू. आपण म्हणतो, "शीर दुखते." पण रक्त नेणारी शीर वेगळी. आम्ही म्हणतो ती मज्जातंतूची गोष्ट. मज्जातंतू म्हणजे बातमी नेणारी तार. बोटाला चटका बसला, की ही तार मेंदूला बातमी देते आणि आपण हात मागे घेतो. विजेच्या तारेवर आवरण असते, तसे पुष्कळ मज्जातंतूंवरही असते. तार कुठे दबली, किंवा आवरण खराब झाले, तर ती खोट्या बातम्या देऊ लागते. मुंगी नसते, पण मुंग्या येतात. निखारा नसतो, पण पाय पोळतो.

इस्ट्रोजेनचा या तारांशी संबंध आहे. हा रस मेंदूवर आणि मज्जातंतूंवरही काम करतो. दुखण्याची बातमी मेंदूला किती मोठी वाटावी, यातही त्याचा वाटा असतो. म्हणून रस कमीजास्त होऊ लागला, की काही बायकांना तेच दुखणे जास्त जाणवू शकते. त्यात घामाने झोप मोडते. झोप नाही तर दुखणे वाढते, आणि दुखण्याने पुन्हा झोप जाते. असा हा फेरा आहे. सगळ्याच बायकांना हे होते असे नाही. पण जिला होते, ती ढोंग करत नाही, हे घरच्यांनी ओळखावे.

या वयात एक दुखणे फार दिसते. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून एक मज्जातंतू हातात जातो. आत सूज आली की तो दबतो. मग अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन-तीन बोटे बधिर होतात. करंगळी बहुधा ठीक राहते. त्रास रात्री वाढतो. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होते. कपडे पिळणे, लाटणे, कापणे अशा कामाने ते वाढते. वेळेवर उपाय केला तर बरेही होते. फार दिवस अंगावर काढले तर अंगठ्याचे बळ जाते. हातावर पोट असलेल्या बाईने तेव्हा काय करावे?

पण भगिनींनो, सगळा दोष पाळीवर टाकू नका. मुंग्या येण्याची दुसरी कारणेही आहेत, आणि तीही याच वयात डोके वर काढतात. मधुमेहात दोन्ही तळपायांपासून आग किंवा बधिरपणा सुरू होतो. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले तरी मुंग्या येतात. ते दूध, अंडी, मासे, मटण यांत असते. जी मासे-मटण खात नाही आणि दूधही घेत नाही, तिला ते कमी पडते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद झाली तरी हात बधिर होतात. मणक्यात तार दबली तर कळ कमरेतून पायात उतरते. नागीण बरी झाल्यावरही त्या जागी आग राहू शकते. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. "पाळीमुळे असेल" म्हणून घरी बसलो, तर हे सगळे आतल्या आत वाढते.

जशी एक चूक गप्प बसण्याची, तशी दुसरी चूक घाईची. तिची हकीकत आपल्याच राज्यातली आहे. बीड जिल्ह्यातल्या बायका ऊसतोडीला जातात. तिथे फार जणींची गर्भाशये काढल्याचा बोभाटा झाला. तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या.

याचा आपल्या विषयाशी काय संबंध? तो असा. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम बंद होते. जे वर्षानुवर्षे हळूहळू व्हायचे, ते एका दिवसात होते. वाफा, झोप उडणे, अंग दुखणे हे सारे जास्त जोराने येऊ शकते. तरुणपणी असे झाले तर हाडेही लवकर ठिसूळ होतात. काही आजारांत शस्त्रक्रिया करावीच लागते, हे खरे. पण कोणी म्हणाले, "पिशवी काढा, दुखणे जाईल," तर आधी विचारा : नेमका आजार कोणता? दुसरा उपाय आहे का? बीजकोशही काढणार का? मग दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या. न समजता अंगठा उठवू नका. आता तर तुम्हांला वाचता येते. कागद वाचा, मगच सही करा.

तर मग करावे काय?

मुंग्या, आग, बधिरपणा दोन-तीन आठवडे राहिला, तर महानगरपालिकेच्या दवाखान्यात जा. मोठ्या तपासणीसाठी घाटकोपरला राजावाडी आहे, जुहूला कूपर आहे. साखर, बी-१२ आणि थायरॉईड यांसाठी रक्त तपासायला सांगा. पाळीची हकीकत न लाजता सांगा. कोणती बोटे बधिर होतात तेही सांगा.

मनगटासाठी रात्री हात सरळ ठेवणारा पट्टा मिळतो. तो बांधून निजावे. जड पिळण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावे. रोज थोडे चालावे. पाय बधिर असतील तर गरम विटेने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. चटका कळत नाही आणि फोड येतो. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नयेत. त्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडते. हॉर्मोनच्या गोळ्या तर आपल्या मनाने मुळीच घेऊ नयेत. त्या कोणाला द्याव्यात, हे डॉक्टर तपासून ठरवतात.

काही खुणांना मात्र थांबू नका. एकाएकी तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, किंवा कमरेच्या दुखण्याबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी अडली, तर त्याच क्षणी १०८ क्रमांकाला फोन करा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तेही लवकर दाखवा.

बंधूंनो, शेवटचे चार शब्द तुम्हांला. घरातली बाई रात्री उठून हात झटकते, हे तुम्हांला दिसते. तिला म्हणा, "चल, उद्या दवाखान्यात जाऊ." एक दिवसाची मजुरी बुडेल. पण तिचा हात वाचेल, आणि त्या हातावर सारे घर चालते.