क्रीडापटूचे मोठेपण कोठे मोजावे?



या व्यासपीठावर संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो, अर्थकारणही शोभते. चेंडूफळी शोभेल की नाही, याची मला थोडी शंका होती. पण आपल्या गावात ज्या विषयावर पारावर, चहाच्या दुकानात आणि मोंढ्यातल्या कट्ट्यावर रोज वाद होतो, त्यावर वर्षातून एकदा शांतपणे बसून विचार करण्यास हरकत नसावी. शिवाय या वादात काही माणसांवर आपण अन्याय करतो, अशी माझी समजूत आहे. ती आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रश्न साधा आहे. एखादा खेळाडू देशातल्या सामन्यांत धावांचे डोंगर रचतो, पण परदेशी संघांपुढे त्याला फारसे उभेच राहावयास मिळत नाही. दुसरा परक्या भूमीवर नाव काढतो. तिसऱ्यासाठी तर कसोटीचे दार कधी उघडतच नाही. यांतला थोर कोण? बहुतेक लोक चटकन सांगतात की, कसोटीत काय केले तेवढे सांगा, बाकीचे घरातले कौतुक. मला हे उत्तर फार घाईचे वाटते.

विजय मर्चंट आणि विजय हजारे या दोन विजयांची उदाहरणे घेऊ. मर्चंट मुंबईचे. हजारे सांगलीस १९१५ साली जन्मले आणि पुढे बडोद्याचे झाले. मर्चंट यांची कसोटीतील सरासरी ४७.७२ आणि हजाऱ्यांची ४७.६५. केसाएवढाही फरक नाही म्हणा ना! पण सर्व प्रथम श्रेणीच्या सामन्यांचा हिशेब मांडला की मर्चंट ७१.६४ वर जातात आणि हजारे ५८.३८ वर राहतात. रणजी करंडकात तर मर्चंट यांची सरासरी ९८.७५ आहे. ज्याला घरचे सामने मोजावयाचे नाहीत त्याच्या दृष्टीने दोघे सारखे. ज्याला मोजावयाचे आहेत त्याच्या दृष्टीने मर्चंट हे ब्रॅडमनच्या खालोखाल.

आता या आकड्यांच्या पोटात शिरू. मर्चंट १९३३ साली पहिला कसोटी सामना खेळले आणि १९५१ साली शेवटचा. अठरा वर्षांत सामने किती? दहा, आणि तेही सगळे इंग्लंडविरुद्ध. १९३६ पासून १९४६ पर्यंत, म्हणजे फलंदाजाची ऐन उमेदीची दहा वर्षे, भारताचा एकही कसोटी सामना झाला नाही; त्यातली सहा महायुद्धाने खाल्ली. १९४७ साली आपला संघ ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा प्रकृतीमुळे मर्चंट गेले नाहीत. मग या माणसाने आपले कसब दाखवावयाचे तरी कोठे? ब्रेबॉर्न स्टेडियमवर दाखविले. आणि परक्या भूमीवर जेव्हा संधी मिळाली तेव्हा, १९४६ च्या इंग्लंडमधल्या त्या भिजक्या उन्हाळ्यात, त्यांनी दौऱ्यात २३८५ धावा काढल्या, सरासरी ७४.५३. ओल्या खेळपट्टीवर ज्याने हे केले, त्याच्या मुंबईतल्या धावा मऊ खेळपट्टीच्या आणि फुकटच्या होत्या, असे कोणी म्हणू नये.

तथापि उलट बाजूचेही ऐकले पाहिजे. घरच्या धावांमध्ये हिणकस माल असतो, हे खरेच आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊच धावा कमी होत्या. तेवढ्यात काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्याचे नाकारून सामनाच सोडून दिला! धावफलकावर ४ बाद ८२६ होते. निंबाळकर हे कोल्हापूरचे रत्न. एकही अधिकृत कसोटी न खेळता २०१२ साली ते गेले, आणि रणजी करंडकातला त्यांचा तो विक्रम अजून उभा आहे. तरीही मी त्या ४४३ धावांना सर्वांत वरची जागा देणार नाही. समोरचा संघ इतका दुबळा होता की, त्याला मैदानावर उभे राहण्याचाही धीर उरला नाही. कोल्हापूरकर मंडळी सभेत असतील तर त्यांनी मला क्षमा करावी.

वरची जागा मी ज्या डावाला देतो, तोही घरचाच आहे. १९४३ सालची मुंबईची पंचरंगी स्पर्धा. धर्मावरून संघ पाडण्याची ती पद्धत बंद झाली हे उत्तमच झाले. गांधीजींचाही तिला विरोध होता. पण खेळ म्हणून तेव्हा तीत देशातले उत्तमोत्तम गोलंदाज उतरत असत. मर्चंट यांचा २४३ धावांचा विक्रम हजाऱ्यांनी २४८ धावा करून मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो परत घेतला. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर' या संघात. हिंदूंच्या ५ बाद ५८१ ला उत्तर देताना इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या धावा झाल्या ३८७. त्यांपैकी हजाऱ्यांच्या ३०९. धाकटे बंधू विवेक यांच्या बरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, तीत विवेकच्या धावा अवघ्या २१! सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच. पण समोर कोण होते, मागे कोण होते आणि माणूस किती वेळ एकटा उभा राहिला, हे पाहा.

चार वर्षांनी, १९४८ च्या जानेवारीत, ॲडलेडला हेच पुन्हा घडले. ऑस्ट्रेलियाच्या धावा ६७४. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ केल्या. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत सात बळी घेतले आणि आपले सहा फलंदाज शून्यावर परतले. भारताच्या २७७ धावांत हजाऱ्यांच्या १४५. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. पुढे १९५२ साली लीड्सला ४ बाद शून्य अशी भयंकर अवस्था असताना कर्णधार हजाऱ्यांनी दत्तू फडकरांना हाताशी धरून ५६ धावा केल्या, तेव्हाही तीच मूर्ती दिसली. ब्रेबॉर्नवरचा हजारे आणि ॲडलेडवरचा हजारे हे दोन वेगळे खेळाडू नव्हेत. ज्याला ३०९ चा अर्थ कळला असेल, त्याला १४५ चे फारसे आश्चर्य वाटले नसते.

आपल्या मोंढ्यात हळदीचा व्यापारी काय करतो? हळकुंड हातात घेतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. सांगलीचा भाव तो विचारतो, नाही असे नाही. पण सांगलीच्या भावाने हळकुंडात रंग भरत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. खेळाडूच्या बाबतीत आपण मात्र भाव विचारतो आणि हळकुंड मोडावयाचे विसरतो.

हा घोटाळा आपल्याकडेच होतो असे नाही. रशियातल्या बर्फावरच्या हॉकीत मॉस्कोच्या सैनिकी क्लबाने देशातले बहुतेक चांगले खेळाडू एकत्र केले होते. १९७७ पासून १९८९ पर्यंत ओळीने तेरा वर्षे अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. साहजिकच त्यांच्या खेळाडूंच्या देशातल्या गोलांना पाश्चात्त्य लोक फारशी किंमत देत नसत. १९७२ साली माँट्रिऑलला त्या क्लबाच्या वालेरी खारलामोवने कॅनडाच्या धंदेवाईक खेळाडूंवर दोन गोल चढविले, रशियाने ७–३ असा सामना जिंकला, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. पण खारलामोव काय त्या रात्री मोठा झाला? त्याला पाहणाऱ्यांची नजर त्या रात्री मोठी झाली, एवढेच.

आणि माँट्रिऑलला जाण्याची संधी ज्याला मिळालीच नाही, त्याचे काय? पद्माकर शिवलकर, मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, प्रत्येकी १९.६९ धावांना. कसोटी सामने शून्य. कारण त्याच काळात, त्याच हाताने, तशीच गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी ६७ कसोटी खेळत होते. शिवलकर बेदींपेक्षा मोठे होते असे मी म्हणत नाही. बेदींनी जगभर २६६ कसोटी बळी घेतले, ते पुसता येणार नाहीत. पण १९७२–७३ च्या रणजी अंतिम सामन्याचा कागद पाहा. मद्रासची फिरकीची खेळपट्टी. मुंबई १५१ आणि ११३, तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांचे बळी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच. खेळपट्टी वाईट होती हे कबूल. पण त्याच खेळपट्टीवर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे प्रतिपक्षाचे कसोटी गोलंदाजही होते, आणि मुंबईने त्यांच्यापुढे जवळजवळ दुप्पट धावा काढल्या. सुनील गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या पंक्तीला शिवलकर आणि हरयाणाचे राजिंदर गोयल यांना बसविले. गोयल यांचे रणजीतले बळी ६३७. त्यांनाही कसोटी मिळाली नाही. दोघांना क्रिकेट मंडळाने जीवनगौरव दिला तो २०१७ साली, म्हणजे दोघांनी सत्तरी ओलांडल्यावर. गोयल २०२० साली गेले, शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये. त्या दिवशी अनेकांनी 'दुर्दैवी' हा शब्द वापरला. मला तो आवडला नाही. नशिबाची कीव करताना आपण त्या ५८९ बळींकडे पाहावयाचेच राहून जातो.

आता आपण विचाराल की, दोन विजयांपैकी तुमचे मत कोणाला? १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीस इंग्लंडविरुद्ध दोघे एकाच डावात खेळले. मर्चंट चाळिशी ओलांडलेले, पाच वर्षांनी कसोटीला उतरलेले. त्यांनी १५४ केल्या. तोवर भारताकडून कसोटीत एवढ्या कोणीच केल्या नव्हत्या. तो विक्रम दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या हजाऱ्यांनी त्याच डावात नाबाद १६४ करून मोडला. मैदान तेच, गोलंदाज तेच, आणि फरक दहा धावांचा. ढासळत्या डावात एकट्याने उभे राहावयाचे असेल तर मी हजाऱ्यांना बोलावीन. शंभर डावांचा हिशेब एकत्र मांडावयाचा असेल तर मर्चंट यांना. त्याच सामन्यात चेंडू अडविताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली, आणि ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत.