सेंड-ऑफचा अंबाडा आणि चौतीस पिना

मागून घूंऽऽ असा आवाज येतोय ना, तो हेअर ड्रायर आहे, आमच्याच पार्लरचा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून याच वेळेला रेकॉर्ड करते. मध्येच बेल वाजली तर सांभाळून घ्या.

जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे सेंड-ऑफचा सीझन. दहावी-बारावीच्या मुली, पहिल्यांदाच साडी, आईचा ब्लाउज टाके घालून आत घेतलेला, आणि हातात मोबाइल. "ताई, सेम असाच बन पाहिजे." फोटो बहुतेक वेळा अमेरिकेतल्या प्रॉमचा असतो. प्रॉम म्हणजे तिकडच्या हायस्कूलचा मोठा डान्स. लांब गाऊन, उंच बांधलेले केस, कानाजवळ मुद्दाम सोडलेल्या दोन बटा. दिसतं भारीच, त्यात वाद नाही. पण व्हिडिओतली ती मुलगी पंधरा सेकंद मान फिरवते आणि रील संपतं. तुम्हाला चार तास वावरायचंय, शंभर सेल्फी काढायचेत आणि शेवटी डीजे लागला की नाचायचंय.

म्हणून मी आधी केस हातात घेऊन बघते, फोटो नंतर. कंबरेपर्यंत दाट केस असतील तर टाळूवर उंच बन बांधू नका. वजनाने तासाभरात तो एका बाजूला कलतो आणि डोकं ठणकतं ते वेगळंच. मानेच्या वर, खाली बसलेला अंबाडा घ्या. साडीवर तोच शोभतो, आणि गजरा माळायलाही जागा मिळते.

केस आदल्या दिवशी धुवायचे. त्याच दिवशी धुतले तर इतके सुळसुळीत होतात की पीन धरतच नाही. तेल तर अजिबात नको, आजी कितीही म्हणाली तरी.

आता पाया. मागचे केस घेऊन आधी एक पोनी बांधा. घट्ट, पण भुवया वर ओढल्या जातील इतकी नाही. सगळा अंबाडा या पोनीवर उभा राहतो. पुढचे आणि बाजूचे केस मोकळे ठेवा, ते शेवटी वरून आणून पाया झाकायचा. केस कमी असतील तर आत डोनट घाला किंवा गंगावन लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि काळी पीन! तिची एक बाजू सरळ असते, एक नागमोडी. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची. निम्म्या मुली उलटी लावतात आणि म्हणतात, पिना सुटतात. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पिनेत घ्यायचे, मग डोक्याजवळचे थोडे, आणि पीन आत, अंबाड्याच्या मध्याकडे सरकवायची. जिथे जास्त ताण आहे तिथे दोन पिना फुलीसारख्या. यू पिना, म्हणजे आजीचे आकडे, फक्त आकार बसवायला.

मग मी सांगते, "आता नाच." खरंच नाचायला लावते, पार्लरमध्येच. पडायचा असेल तर इथेच पडू दे.

तर, मागच्या वर्षीची गोष्ट. दहावीतली एक मुलगी आली, आईबरोबर. आई बाहेर बाकावर बसली. मुलीला उंच मेसी बन हवा होता, फोटोही तसाच. मी मागचे केस वर उचलले आणि डाव्या कानामागे, केसांच्या खाली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी गुळगुळीत जागा दिसली. चाई.

आरशात तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, आईला सांगू नका."

इथे मला एक कबूल करायचंय. पार्लर नवीन होतं तेव्हा अशीच एक मुलगी आली होती. मी भर दुकानात मोठ्याने म्हणाले, "अगं, तुला चाई पडलीये!" चार बायका वळून बघायला लागल्या. ती मुलगी परत कधीच आली नाही.

म्हणून या वेळी मी खुर्ची थोडी भिंतीकडे वळवली. चाई म्हणजे किड्याने केस खाल्लेले नसतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळदा केस परतही येतात, पण बघायचं त्वचेच्या डॉक्टरने. लसूण घासून कातडी भाजून घेऊ नये. हे सगळं मी तिला कानाशी सांगितलं. ती म्हणाली, "दोन वेण्या घालून शाळेत गेले की भीती वाटते, मागची मुलगी बघेल."

उंच बन रद्द केला. उजवीकडून केस पिळत मागून डावीकडे आणले आणि अंबाडा कानामागे, बरोबर त्या जागेवर, सैल बसवला. तिथले केस ओढले नाहीत, एकही पीन तिथे टोचली नाही, स्प्रे मारताना हात आडवा धरला. एकूण चौतीस पिना लागल्या. मग ती नाचली. आधी लाजत, मग चांगली उड्या मारत. अंबाडा जागचा हलला नाही. मी म्हटलं, "मी सांगणार नाही, पण रविवारपर्यंत तू सांग."

सोमवारी आई एकटीच आली. हातात डबी, डबीत पिना. "तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. "मग मला का नाही सांगितलंत? मी बाहेरच बसले होते." माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पोरगी सोळा वर्षांची, डोकं तिचं, पण आई ती आईच. बरोबर केलं का, अजून विचार करते. तुम्हाला काय वाटतं, व्हॉइस नोट पाठवा.

त्या डबीत एकतीस पिना होत्या. मे महिन्यात मुलगी पोनी ट्रिम करायला आली तेव्हा त्या जागेवर बारीक, पांढरट लव आली होती. औषध चालू होतं.

हां, एक राहिलंच. घरी आल्यावर अंबाडा वरून विंचरत सोडवू नका. आधी सगळ्या पिना काढा, मोजून. स्प्रेमुळे कडक झालेल्या केसांना कंडिशनर चोळा, पाच मिनिटं थांबा, आणि मग टोकांपासून वर वर गुंता काढत जा. कितीही झोप आली असली तरी तसंच झोपू नका.

चला, बेल वाजली. आलेच हं!