‘सगळ्यांना मान्य आहे ना?’

(बेसा, नागपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो : ‘मग सगळ्यांना मान्य आहे ना?’ विचारणारा बहुतेक वेळा वयाने मोठा असतो. तीन सेकंद कुणी बोललं नाही की रजिस्टरमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी मात्र दहापैकी चार जण येतात. न आलेल्यांना गाठून विचारा, उत्तर ठरलेलं : ‘आम्हाला कुठे विचारलं होतं?’

मी बोलतोय ते आठ-दहा, फार तर पंधरा जणांच्या गटांबद्दल. अभ्यासिका चालवणारे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारे, रक्तदान शिबिर घेणारे आपले गट. पैसा नसल्यामुळे असे गट कमी बुडतात. ‘आम्हाला विचारलंच नाही’ यामुळे जास्त बुडतात.

ही तीन सेकंदांची शांतता आपल्या फिक्हमध्ये फार जुना वादाचा विषय आहे. काहींनी मत दिलं आणि बाकीचे गप्प राहिले, तर त्याला इज्मा म्हणायचं का? याला ‘इज्मा-ए-सुकूती’ म्हणतात. हनफी फकीहांनी काही अटींवर तो मानला. इमाम शाफई यांनी मात्र गप्प बसलेल्या माणसाच्या नावावर कुठलंही म्हणणं टाकायला नकार दिला. कोकणातले आपले बहुतेक भाऊबंद शाफई आहेत, आपण इथले बहुतेक हनफी. पण मोहल्ल्याच्या कमिटीपुरतं आपण सगळ्यांनी शाफई व्हायला हरकत नाही. माणूस गप्प का आहे याची कारणं अनेक असतात. पटलं म्हणून, घाबरला म्हणून, कंटाळला म्हणून, किंवा समोर सासरे बसलेत म्हणून.

शूरा हा शब्द आपण भाषणांत खूप वापरतो. कुरआनातल्या 42व्या सूरेचं नावच अश-शूरा आहे. पण मला उहुदचा प्रसंग जास्त शिकवतो. मदिनेत राहून लढावं असा प्रेषितांचा (स.) कल होता. अनेकांना, विशेषतः बद्रची संधी हुकलेल्या तरुणांना, बाहेर पडून लढायचं होतं. प्रेषितांनी त्यांचं ऐकलं. लढाईत मोठं नुकसान झालं. आणि त्यानंतर उतरलेल्या आले-इमरानच्या आयतींत काय आहे? या लोकांना माफ करा, आणि कामांत त्यांचा सल्ला घेत राहा. निकाल वाईट लागला म्हणून मशवरा बंद झाला नाही. आपल्याकडे एक कार्यक्रम फसला की लगेच ऐकू येतं, ‘पोरांना विचारून बघितलं, झालं ना आता?’

आता आपल्या विदर्भात या. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. इथली ग्रामसभा मतदान घेत नाही, सर्वसहमतीनेच ठरवते. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशात तो सर्वात आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला वनखातं वाहतूक परवाना देईना. शेवटी एप्रिल 2011मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे 2013मध्ये गावाने आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. विचार करा, जमीन! आपल्याकडे दोन सख्खे भाऊ प्लॉटवर एकमत होत नाहीत.

हे जमलं कसं? देवाजी तोफांसारखं नेतृत्व गावात होतं, हे खरंच. पण मला त्यांची रचना महत्त्वाची वाटते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषय सोलून बघायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं. मोहन हिराबाई हिरालाल (नावात आधी आई, मग वडील) असेच बाहेरून आलेले मित्र होते. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. म्हणजे ज्याला जास्त कळतं त्याला सांगायचा हक्क आहे, ठरवायचा वेगळा हक्क नाही. आपल्या गटांत नेमकं उलटं होतं. इंजिनिअर, वकील किंवा मौलाना एकदा बोलले की विषय संपला.

माझ्या धंद्यातलंही एक सांगतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ नावाची संस्था आहे. तिथेही मतदानाने निर्णय होत नाहीत. सभेचा अंदाज घ्यायचा असला की लोक तोंड मिटून ‘हंऽऽ’ करतात, हसू नका, खरंच करतात! त्यांच्या 2014च्या एका टिपणात म्हटलंय की पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी सहमती होऊ शकते. कारण बघायचं ते हे की कुठला आक्षेप उत्तराविना राहिलाय का. आक्षेप मान्यच केला पाहिजे असं नाही. पण त्याला उत्तर दिलं पाहिजे.

आमच्या अकरा जणांच्या गटात अभ्यासिकेची वेळ ठरवायची होती. रात्री आठ ते अकरा, नऊ जण तयार. दोघी मुली ‘बघू’ म्हणाल्या. हात वर करून मोजलं असतं तर दोन मिनिटांत विषय संपला असता. त्याऐवजी सगळ्यात लहान सदस्यापासून सुरुवात करून प्रत्येकाला एकदा बोलायला लावलं. मग कळलं, अडचण वेळेची नव्हतीच. मुख्य रस्त्यापासून आत येणाऱ्या गल्लीत दिवे नव्हते. वेळ सहा ते नऊ झाली आणि दिव्यांसाठी अर्ज गेला. पण मिहानमधून आठला सुटणाऱ्या एकाचं नुकसान झालं. त्याला विचारलं, ‘तुला पटलं का?’ असं नाही, तर ‘तीन महिने हे चालवून घेशील का?’ तो हो म्हणाला, एक किल्ली त्याच्याकडे दिली, आणि त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत रजिस्टरमध्ये लिहिला. बैठक चालवणाऱ्याचं काम एवढंच असतं, आणि त्या दिवशी त्याने स्वतःचं मत शेवटी सांगायचं असतं.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. एकच माणूस दर वेळी ‘नाही’ म्हणून सगळ्यांना वेठीला धरू शकतो. त्याच्याकडे कारण मागा; कारण नसेल तर पुढे चला. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे महाराष्ट्रातल्या जातपंचायतींचे निर्णयही ‘एकमताने’च होत होते. त्या एकमताने माणसं वाळीत टाकली जायची, म्हणून राज्याला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा कुणाचं लग्न, कुणाच्या मुलीचं शिक्षण, कुणी काय घालायचं हे विषय गटापुढे आले, तर तिथे सहमती शोधत बसू नका. तो गटाचा विषयच नाही, असं सांगा आणि पुढचा विषय घ्या.

आता माझं बोलणं थांबवतो. प्रश्न विचारा, आणि मागच्या रांगेतून सुरुवात करू.