प्रिंटरचा पत्ता पक्का करा

सकाळी बिल छापायला द्यावं आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’! काल तर चालू होता. अशा वेळी दोष पुष्कळदा प्रिंटरचा नसतो. राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता ठरावीक मुदतीपुरताच देतो. वीज जाऊन आली की हा पत्ता बदलू शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर बिलं धाडत राहतो.

म्हणून प्रिंटरचा पत्ता पक्काच करून टाकू. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१, आणि तो राउटरच्या तळाशी छापलेला असतो. डीएचसीपीच्या, म्हणजे आयपी पत्ते वाटण्याच्या, पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे १२ अंक-अक्षरांची त्याची ओळख, नीट पडताळून भरा. त्यापुढे १९२.१६८.१.५० असा मोकळा पत्ता लिहा, सेव्ह करा, प्रिंटर बंद करून चालू करा आणि संगणकांना हाच पत्ता एकदा कळवा. आत शिरलाच आहात, तर राउटरचा मूळ पासवर्डही आजच बदला.