लेकरांना घेऊन या
(तळेगाव दाभाडे येथील बैठकीत मावळातल्या शेतकरी आई-बापांच्या वतीने झालेले भाषण)



मागे पोरांचा गलका चालला आहे. त्यांना कोणी गप्प करू नका. तो गलका हाच आज आमच्या बोलण्याचा विषय आहे.

मावळात मोर्चा म्हटला की घरात आधी धास्ती शिरते. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध आपण द्रुतगती मार्गावर उतरलो. बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती. तेव्हापासून आमच्या घरांत ठरून गेले, आंदोलनाला बाप्यांनी जायचे, बायांनी लेकरे घेऊन घरी थांबायचे. पण आताचे संकट दाराबाहेर थांबत नाही. ते थेट चुलीपर्यंत येते.

२०२५ चा मे महिना आठवा. धूळवाफ्यावर भात पेरायचे दिवस. वळवाने आधीच चिखल करून ठेवलेला, आणि २६ मेला मान्सून पुण्या-मुंबईत दाखल. नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधी. वाफसा मिळेना. आमच्यातल्या काहींनी ओल्यातच बी टाकले, ते कुजले. दुसऱ्यांदा बियाणे आणले ते पोरांच्या वह्या-पुस्तकांच्या पैशातून. मग पोर विचारते, "दरवर्षी असाच येणार का पाऊस?" याला उत्तर काय द्यायचे?

खरे तेच द्यायचे. कोळसा आणि तेल जाळून जगाची हवा तापली आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस ओढ देतो आणि येतो तेव्हा कोसळतो. यात आपला वाटा किती? भारतातला माणूस जगाच्या सरासरीच्या निम्माही कार्बन वायू सोडत नाही, आणि मावळातला भातवाला त्याहून कमीच. पाप दुसऱ्याचे, वाफे आपले वाहून गेले.

मग आपण काय करायचे? पुण्यात एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवायला माणसे मुलाबाळांसकट चालत निघाली. त्यांची टेकडी, त्यांची रीत. आपली खाचरे आहेत, आपली रीत खाचरातलीच हवी. आम्ही महिन्यातून एक रविवार धरला. भाकरी घरची, पिठले एकत्र, आणि लेकरे बरोबर. लेकराला घरी ठेवून सभेला आलेली बाई अर्धी घरीच असते. ती पुरी यायला हवी असेल तर पोरांनाही काम द्यावे लागते.

पहिले काम पाऊस मोजण्याचे. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी साडेआठला आत पट्टी धरायची, आकडा वहीत लिहायचा. एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी, हे गणित चौथीतल्या पोरालाही येते. हा खेळ नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तरच सरकार अतिवृष्टी मानते, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या एका यंत्रावर. लोणावळ्याच्या माथ्यावर पडतो त्याच्या निम्माही पाऊस तळेगावकडे पडत नाही. अंतर लोकलने पाऊण तासाचे. मग एका यंत्राने आसपासच्या सगळ्या खोऱ्यांचा न्याय कसा होईल? पोरांची वही उद्या पंचनाम्यात चालणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गावोगावच्या वह्या तहसीलदारापुढे ठेवून "प्रत्येक गावाला पर्जन्यमापक द्या" असे म्हणता येईल. रिकाम्या हाताने गेलो तर नुसते निवेदन, वही घेऊन गेलो तर हिशेब.

दुसरे काम चारसूत्री लावणीचे. खुणा केलेल्या दोरीची टोके पोरांनी धरायची, मोठ्यांनी चुडे लावायचे, चार चुडांच्या मधोमध युरियाची गोळी खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, हवेतही कमी उडते, खर्चही वाचतो. गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडायचा. राब भाजणे एकदम सुटणार नाही, कारण तणाचा बंदोबस्त त्यानेच होतो. म्हणून ज्याला जमेल त्याने एका वाफ्यापुरता राब थांबवून गादीवाफा करून पाहावा.

तिसरी गोष्ट सरकारला ऐकवायची. पोरांना शाळेत झाडे लावायला शिकवायचे आणि त्यांच्या बापाच्या इंद्रायणी भाताला खर्चाइतकाही भाव मिळू द्यायचा नाही, हे ढोंग आहे. कर्जात बुडालेला शेतकरी हवामान वाचवू शकत नाही. भाव द्या, वेळेवर भरपाई द्या, मग पुढच्या पिढीचे बोला.

कोणी म्हणेल, डब्याने आणि दोरीने काय होणार? भावांनो, १९०८ साली याच तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. माणशी एकेक पैसा मागून जमवलेला तो निधी. पैसा देणाऱ्या कोणालाही त्या एका पैशाचा कारखाना दिसत नव्हता.

आम्ही घरटी तीनच गोष्टी मागतो. एक डबा, एक वही, महिन्यातला एक रविवार. आणि पुढच्या बैठकीला येताना लेकरांना घरी ठेवू नका. जमीन त्यांच्या नावावर होणार आहे. तिचा हिशेब त्यांच्या हातात आजच द्या.