नाताळात पाहावा असा एक युद्धपट

डिसेंबर उतरणीला लागला की आमच्या पिशोरच्या रानात गार वारा झोंबू लागतो, रात्री लांबतात, आणि नाताळच्या सुट्टीत शहरातून घरी आलेली मुले एखादा चांगला चित्रपट सुचवा म्हणून मागे लागतात. त्यांना मी दरवर्षी एकच नाव सांगतो, आणि ते ऐकून एकाच्याही मुद्रेवर ओळखीची खूण उमटत नाही याचा मला मनस्वी खेद होतो. व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे १९४६ साली काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा तो चित्रपट.

सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची ही कथा आहे. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली, आणि १९३८ च्या सप्टेंबरात पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि अठ्ठावीसही पुरी न झालेले कोटणीस होते. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस तिकडेच राहिले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख म्हणून रुजू झाले, आणि तेथील परिचारिका क्वो छिंग-लान हिच्याशी विवाहबद्ध झाले. वडील वारल्याची वार्तादेखील त्यांना त्या परमुलखातच मिळाली.

आता, युद्धपट म्हटले की तोफा, तलवारी आणि जयघोष ही अपेक्षा असते. येथे तोफा आहेत, परंतु चित्रपटाचे सारे लक्ष त्या तोफांनी विदीर्ण केलेल्या देहांकडे, आणि ते सांधण्यासाठी अहोरात्र राबणाऱ्या दोन हातांकडे लागलेले आहे; आणि शांतारामांनी स्वतः कोटणीसांची भूमिका करताना ती शस्त्रक्रियेची शांत एकाग्रता राखली, हे मला त्यांच्या दिग्दर्शनाइतकेच थोर वाटते. दोष आहेत. मराठी नटांनी रंगविलेले चिनी सेनानी आजच्या नजरेला कृत्रिम भासतात, आणि साथीच्या रोगाचा भाग कथेत फार जागा व्यापतो. प्रत्यक्षात कोटणीसांना साथीने नव्हे, अपस्माराने नेले. तरी वसंत देसाईंचे संगीत आणि पत्नीच्या भूमिकेतील जयश्रीबाईंचा अभिनय यांनी हे उणेपण बरेच भरून काढले आहे.

मात्र ज्यासाठी मी नाताळची शिफारस करतो तो भाग अखेरीस येतो. मृत्युशय्येवरचा कोटणीस आपल्या पत्नीला सांगू लागतो की, तू माझ्या घरी जाशील तेव्हा तुला काय काय दिसेल, कोण सामोरे येईल. आणि त्याचा आवाज चालू असतानाच पडद्यावर ती तान्ह्या बाळाला घेऊन त्या घरी पोहोचते. सांगणारा माणूस उरलेला नाही, तरी त्याच्या शब्दांमागोमाग त्या घरची सून आणि नातू उंबरठा ओलांडून आत येत आहेत, असे घरी परतणे मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. युद्धाच्या काळोखात जन्मलेले एक बालक परक्या दारी येते आणि दार उघडते. नाताळच्या रात्री चर्चमध्ये, गव्हाणीतल्या बालकापुढे उभे राहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मुलाचे नाव यिन-हुआ, म्हणजे भारत आणि चीन. तेव्हा या सुट्टीत घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना एकत्र बसवून हा चित्रपट लावा, आणि शेवटच्या दृश्याच्या वेळी कोणालाही जागचे उठू देऊ नका.