शालेय संगणकशिक्षण : आधी रीत, मग कळ

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षक, केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या शेतकऱ्याचे नाव एका कागदावर 'रामचंद्र' असे लिहिले आणि दुसऱ्या कागदावर 'रामचन्द्र' असे लिहिले, तर ती दोन माणसे आहेत असे आपल्यापैकी कोणालाही वाटणार नाही. संगणकाला मात्र, तसे मुद्दाम सांगून ठेवले नसेल तर, ती दोन वेगळी नावे वाटतात. तो अक्षराशी अक्षर ताडून पाहतो, फरक आढळला की नाव बाजूस सारतो, आणि रामचंद्र यादीबाहेर राहतो. मग खिडकीवर उत्तर मिळते, "संगणकात तुमचे नाव नाही." हे उत्तर ऐकून रामचंद्र परत फिरतो. कारण यंत्र चुकत नाही, अशी त्याची समजूत असते.

यंत्र खरोखर चुकलेले नसते. त्याला जी रीत घालून दिली तिचे त्याने निमूटपणे पालन केलेले असते. ती रीत माणसाने ठरविली आणि माणसाने लिहिली. नावे कोणत्या नियमाने ताडून पाहिली, हा प्रश्न ज्याला विचारता येतो तो परत फिरत नाही. हा प्रश्न विचारण्याची पात्रता आपल्या शाळांतील संगणकाच्या तासातून मुलांना येते काय, एवढाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

साक्षरता झाली, शास्त्र राहिले

शाळेत संगणक आणण्याचा प्रयत्न आपल्या देशात नवा नाही. १९८४ साली केंद्र शासनाने 'क्लास' या नावाने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला व निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे दिली. आपल्या राज्यात २००१ नंतर एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांना संगणक हाताळण्यास शिकविले. गेल्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळांनी लोकवर्गणीतून पडदे, प्रक्षेपक व टॅबलेट मिळविले. शाळा हे गावाचे काम आहे असे मानून ग्रामस्थ पुढे आले म्हणजे काय घडू शकते, हे शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या शाळेने दाखविलेच आहे.

या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मराठीत टंकलेखन करणे, ऑनलाईन अर्ज भरणे, हिशेबाचा तक्ता तयार करणे ही कौशल्ये आज प्रत्येकाला हवीत. तथापि कौशल्य आणि शास्त्र यांत भेद आहे. सायकल चालविता येणे वेगळे आणि साखळी व दात्यांचे चक्र यांमुळे चाक का फिरते हे समजणे वेगळे. संगणकाच्या तासाला आपण बहुधा पहिलीच गोष्ट शिकवितो. कोणती कळ दाबली म्हणजे अक्षर ठळक होते, कोणत्या यादीतून चित्र चिकटविता येते, एवढ्यावर तास संपतो.

१९८४ च्या त्या यंत्रांच्या कळा आज कोणाच्याही कामाच्या राहिलेल्या नाहीत. परंतु त्या यंत्रावर 'अमुक अट पूर्ण झाली तर हे कर, नाही तर ते कर' अशी आज्ञा बेसिक भाषेत लिहिण्यास ज्या विद्यार्थ्याने शिकून घेतले, त्याचे ज्ञान आजच्या मोबाईललाही लागू पडते. कळा बदलतात, रीत टिकते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत आपल्या तालुक्यांतील तरुण काम करतात. केवळ एका यंत्राची बटणे ज्यास ठाऊक असतात तो नवे यंत्र आल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. ज्यास यंत्रामागची रीत कळते तो नव्या यंत्राचीही ओळख लवकर करून घेतो.

शेजपाळीचा धडा

'रीत' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरीत आहे. भागाकाराची रीत, लसाविची रीत, हे शब्द गणिताच्या शिक्षकांना परिचित आहेत. ठरावीक क्रमाने करावयाच्या आणि कोठेतरी निश्चित थांबणाऱ्या निःसंदिग्ध पायऱ्यांना संगणकशास्त्रात अल्गोरिदम म्हणतात. अल्गोरिदम म्हणजे रीतच होय. ती शिकविण्यासाठी यंत्र लागतेच असे नाही. आपल्या दोन तालुक्यांत तर तिची उदाहरणे बांधावर उभी आहेत.

चासकमानचे पाणी शिरूरमध्ये आणि खडकवासल्याचे पाणी दौंडमध्ये येते. आवर्तन सुटले म्हणजे शेजपाळीने, चारीच्या शेवटाकडून वरच्या बाजूस, प्रत्येक शेताला पाळी मिळावी, असा दंडक आहे. हा दंडक का पडला, हे वर्गात करून पाहता येईल. पाच विद्यार्थी एका रांगेत उभे करावेत. प्रत्येकजण सारख्याच क्षेत्राचे एक शेत. पाणी बारा तास आहे. पहिली रीत अशी, की वरच्याने हवे तेवढे घ्यावे आणि मग खालच्यास सोडावे. वरच्या दोघांनी चार-चार तास घेतले, तिसऱ्याने तीन तास घेतले, तर चौथ्याच्या वाट्यास एक तास येतो आणि पाचवा कोरडा राहतो. दुसरी रीत अशी, की क्षेत्राच्या प्रमाणात वेळ आधी ठरवावी आणि शेवटच्या शेतापासून पाळी सुरू करावी. आता प्रत्येकास दोन तास चोवीस मिनिटे मिळतात.

पाणी तेच, शेते तीच, रीत बदलताच निकाल बदलला. एवढे मुलांच्या ध्यानात आले म्हणजे शिक्षकांनी पुढचे प्रश्न विचारावेत. एखाद्याचे पीक काढून झाले असेल व त्याला पाणी नको असेल, तर त्याचे तास कोणाला द्यावयाचे? पाळी चालू असता मध्येच कालवा फुटला, तर पुन्हा प्रारंभ कोठून करावयाचा? रीतीत याचे उत्तर नसेल तर भांडण होते. संगणकाच्या आज्ञावलीत उत्तर नसेल तर यंत्र अडते किंवा भलतेच करते. अपवादाचा विचार आधी करणे हा संगणकशास्त्राचा एक महत्त्वाचा पाठ आहे, आणि तो येथे पाटाच्या काठावर शिकता येतो. एकाच प्रवाहावर अनेकांची कामे पाळीपाळीने उरकणे ही युक्ती संगणकही आपल्या अंतरंगात सतत वापरीत असतो.

पंचायत सदस्यांच्या परिचयाचे दुसरे उदाहरण घेऊ. घरपट्टीच्या नोंदवहीत एक हजार नावे आहेत. ती कशीही लिहिलेली असतील, तर एक नाव शोधण्यास कदाचित हजारही नोंदी पाहाव्या लागतील. तीच नावे वर्णानुक्रमाने लिहिलेली असतील, तर वही मधोमध उघडावी, आपले नाव अलीकडे की पलीकडे ते पाहावे, अर्धी वही सोडून द्यावी, आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तसेच करावे. दहा वेळांत नाव सापडते, अथवा ते तेथे नाही हे निश्चित होते. नावे दोन हजार झाली तर दहाऐवजी अकरा वेळा पाहावे लागेल, इतकेच. नोंदी व्यवस्थित लावून ठेवण्याचे श्रम कशासाठी करावयाचे, हे पाचवीच्या मुलालाही यातून कळते.

कापरेकरांचा वारसा

अशा विचाराला मोठी प्रयोगशाळा लागते असे कोणी म्हणेल, तर मी त्यांना देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची आठवण करून देईन. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या शिक्षकाने शाळेतील नोकरी सांभाळून, कागद-पेन्सिलीच्या आधारे संख्यांचा अभ्यास केला. १९४९ साली त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ हेच उत्तर येते. कोणत्याही संख्येपासून प्रारंभ केला तरी सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत.

या एका खेळात संगणकशास्त्राची किती तरी मूलतत्त्वे सामावलेली आहेत. क्रम लावणे आले, एकच कृती पुनःपुन्हा करणे आले, कोठे थांबावयाचे हे ओळखणे आले, आणि चारही अंक सारखे असल्यास काय होते हा अपवादही आला. वर्गातील चाळीस मुलांनी चाळीस संख्या घेतल्या आणि सर्वांच्या पाट्यांवर ६१७४ उमटले, तर त्या तासाला मुलांना बोलाविण्यासाठी घंटा द्यावी लागणार नाही.

इतरत्र काय घडले

हा विचार आपलाच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये शाळांतील संगणकाचा तास केवळ आज्ञावल्या हाताळण्यापुरता उरला आहे, अशी टीका रॉयल सोसायटीच्या अहवालाने २०१२ साली केली. सप्टेंबर २०१४ पासून तेथील जुना विषय बदलून संगणकशास्त्राच्या मूलतत्त्वांना प्राथमिक इयत्तांपासूनच स्थान देण्यात आले. न्यूझीलंडमधील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर त्यापूर्वीच यंत्राविना, पत्ते, दोरी व खडू यांच्या साहाय्याने संगणकशास्त्र शिकविण्याच्या कृती तयार केल्या होत्या.

आपल्या देशात असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेच्या भारतीय शाखेने २०१६ साली 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला. यंत्राविना करावयाच्या कृतींवर त्याचा भर असून पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. तमिळनाडूने सहावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकातच 'माहिती प्रक्रिया' हे प्रकरण घातले. वेगळा विषय नाही, वेगळा शिक्षक नाही, गणिताच्या तासातच हे काम होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही संगणकीय विचारपद्धतीला पायाभूत स्तरापासून, कोडी व खेळ यांच्याद्वारे, अधिक महत्त्व द्यावे असे म्हटले आहे. म्हणजे धोरणाची अनुकूलता आहे; प्रश्न आहे तो आपल्या वर्गाचा.

आपल्याकडून अपेक्षा

शिक्षकांची अडचण मी जाणतो. नित्याच्या अध्यापनावर माहिती भरण्याची कामे येतात. त्यांत आणखी एक विषय कोण घेणार? म्हणून माझी विनंती नव्या विषयाची नाही. गणिताच्या तासांपैकी पंधरवड्यातून एक तास अशा कृतीला द्यावा. पाळीचा खेळ, नोंदवहीतील शोध, कापरेकरांची संख्या, यांपासून आरंभ करावा. उत्तर बरोबर आले की नाही एवढेच न पाहता, "तू कोणत्या रीतीने केलेस, आणि याहून कमी पायऱ्यांत होईल काय?" असे विचारावे. यंत्र उपलब्ध असेल तेथे हीच रीत मग त्यावर लिहून पाहावी.

ग्रामपंचायत सदस्यांना एकच सांगणे आहे. मी एका शाळेत गेलो असता संगणकाच्या खोलीला कुलूप होते. मुलांनी यंत्रे बिघडवू नयेत म्हणून त्यांवर कापडी आवरणे घालून ती जपून ठेवली होती. नवी यंत्रे घेण्याचा ठराव करण्यापूर्वी आधीची यंत्रे आठवड्यातून किती तास मुलांच्या हाती असतात, आणि त्यांवर मुले काय करतात, हे सभेत विचारावे. खरेदीच्या रकमेचा काही अंश शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखावा. अधिकारीवर्गाने शाळेस भेट देताना यंत्रांची संख्या नोंदवावी. परंतु एखाद्या मुलास उभे करून एक रीत पायरीपायरीने सांगावयासही लावावे.

असे झाले तर आपल्या मुलांपैकी काही पुढे संगणकतज्ज्ञ होतील. बहुसंख्य होणार नाहीत. ती शेती करतील, कारखान्यात जातील, दुकाने चालवितील, आणि त्यांतील काही उद्या याच ग्रामपंचायतीत निवडून येतील. त्या सर्वांना खिडकीवर एकदा तरी तेच उत्तर मिळेल, "संगणकात तुमचे नाव नाही." त्या वेळी त्यांनी परत फिरू नये. "कोणत्या रीतीने शोधले, ते कृपया दाखवा," असे त्यांनी शांतपणे म्हणावे. एवढे बळ त्यांना शाळेतून मिळावे, यासाठी आपण सर्वांनी झटावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!